मोटरहोम घेताना पैसे कुठे ओतायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंच. मुलं आपापल्या मार्गाला लागली आहेत. सहा मीटरच्या आतली छोटी मोटरहोम, म्हणजे आत पलंग-स्वयंपाकघर असलेली फिरायची गाडी, घ्यायचं ठरवलंय आणि तीन गाड्या नजरेत आहेत. पहिली कोरी करकरीत, किमतीला कमी. विक्रेता वर सोलर पॅनल, ऑनिंग (गाडीच्या बाजूला बाहेर ओढायचं कापडी छत) आणि मोठा स्क्रीन ‘ऑफर’मध्ये देतोय. दुसरी नऊ वर्षांची, पण नावाजलेल्या कंपनीची, आणि किंमत जवळपास पहिलीइतकीच. तिसरी नवी आणि नावाजलेलीही, पण पहिलीच्या दीडपट किमतीची. ती घ्यायची तर कर्ज काढावं लागेल. नवरा म्हणतो, ‘एकदाच घ्यायचीय ना, मग चांगलीच घेऊ.’ मला वाटतं, वर्षातून सहा-सात आठवडे वापरायच्या वस्तूत एवढा पैसा कशाला अडकवायचा? त्यातले थोडे दिवस थंडीतले असतील. दोन इलेक्ट्रिक सायकली बरोबर न्यायच्या आहेत. स्वस्त घेतली तर पस्तावू का? महागात खरंच काही वेगळं मिळतं का? रोज यावरून घरात खडाजंगी चाललीय.

उत्तर: खडाजंगीचा निकाल आधीच देऊन टाकते. तिसरी गाडी कर्ज काढून घेऊ नका. इथवर तुमची सरशी. पण ‘स्वस्त घेऊ आणि मोकळं होऊ’ हेही मला पटत नाही, म्हणून यजमानांनाही निम्मे गुण. पहिली की दुसरी, हे किमतीवरून ठरणार नाही आणि कंपनीच्या नावावरूनही नाही. त्यासाठी एक अख्खा दिवस, एक टॉर्च, एक मॉइश्चर मीटर (भिंतीतली ओल मोजणारं यंत्र) आणि जवळचा वजनकाटा लागेल.

मोटरहोमच्या किमतीत दोन तऱ्हेच्या गोष्टी एकाच आकड्यात बांधलेल्या असतात. काही गोष्टी गाडी घेतल्यावर जन्मात बदलता येत नाहीत: बॉडीचे सांधे, भिंतीच्या आतला सांगाडा, चॅसी (चाकांवरचा मूळ सांगाडा) किती वजन पेलते, पलंग कुठे आणि केवढा, बेल्टवाल्या सीट किती. बाकीच्या केव्हाही बदलता येतात: बॅटरी, सोलर, स्क्रीन, गाद्या, दिवे, ऑनिंग. पैसे पहिल्या गोष्टींवर ओतायचे आणि दुसऱ्यांवर हात आखडता घ्यायचा. स्वस्त गाडी बनवणारे नेमकं उलटं करतात. सांध्यांवर आणि सांगाड्यावर कात्री चालवतात आणि स्क्रीनवर उधळतात, कारण शोरूममध्ये डोळ्यांत भरतो तो स्क्रीन. सांधा कोण बघतं?

दीडपट किमतीत इंजिनही दीडपट चांगलं मिळेल असं यजमानांना वाटत असेल, तर तसं नसतं. युरोपी बांधणीच्या छोट्या मोटरहोमपैकी बऱ्याच फियाट डुकाटोवर उभ्या असतात. प्यूजो बॉक्सर आणि सित्रोएन जंपर ही तिचीच भावंडं. तिघीही वर्षानुवर्षं मुख्यतः इटलीतल्या अतेस्सा इथल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडताहेत. म्हणजे स्वस्त आणि महाग मोटरहोममध्ये इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक पुष्कळदा तेच. आतली उपकरणंही फार वेगळी नसतात. हीटरवर ट्रुमाचं नाव, फ्रिजवर डोमेटिक किंवा थेटफोर्डचं, टॉयलेटवर पुन्हा थेटफोर्डचं, असं दोन्हीकडे दिसेल. तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या गाडीतल्या उपकरणांवरची लेबलं वाचून बघा. बहुधा ती यादी सारखीच निघेल, आणि तेवढ्यानेच घरातला निम्मा वाद मिटेल.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? ड्रायव्हरच्या सीटमागे जी खोली बांधलेली असते, तिच्या भिंतींत, छतात आणि जमिनीत. तिथे मोटरहोमचा एकच मोठा वैरी: पाणी. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. भिंतीत पाणी शिरलं, की वर्ष-दोन वर्षं कुणाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा आतलं लाकूड हाताने कुसकरण्याइतकं मऊ झालेलं असतं. तुम्ही वर्षातून सात आठवडे फिरणार, म्हणजे उरलेले पंचेचाळीस आठवडे गाडी कुठेतरी उभी राहणार, बहुतेक उघड्यावर. तेव्हा पाऊस पडणार आणि ‘गाडी बघून ये’ असं कुणी कुणाला सांगणार नाही.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न मायलेजचा विचारू नका. विचारा, भिंत कशाची आहे? जुन्या आणि स्वस्त बांधणीत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये साधा थर्मोकोल आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. चांगल्या बांधणीत लाकडाच्या जागी पॉलियुरेथेनच्या पट्ट्या असतात. त्या कुजत नाहीत. मध्ये एक्सपीएस नावाचा दाट फोम असतो, जो साध्या थर्मोकोलपेक्षा खूप कमी पाणी पितो. छताला बाहेरून फायबरग्लास असतं, गारांच्या माऱ्यात ते पत्र्यापेक्षा बरं टिकतं. ज्यांना आपल्या भिंतीचा अभिमान आहे, ते भिंतीचा कापलेला नमुना शोरूममध्ये ठेवतात आणि मागितला की हातात देतात. नमुना मागितल्यावर विक्रेत्याने स्क्रीनचा रिमोट हातात दिला, तर समजायचं ते समजा.

लाकडी सांगाडा म्हणजे वाईटच, असंही मी म्हणणार नाही. सांधे नीट बांधले आणि दर वर्षी तपासले, तर लाकडी गाड्याही वीस-वीस वर्षं कोरड्या राहतात. पण ‘दर वर्षी तपासले’ ही अट मोठी आहे. बहुतेक कंपन्या पाणी शिरण्याविरुद्ध पाच ते दहा वर्षांची हमी देतात, पण दर वर्षी अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी करून नोंदवहीत शिक्का घेतला तरच. एक शिक्का चुकला की हमी संपली. दुसऱ्या गाडीच्या मालकाकडे आधी ती नोंदवही मागा. नऊ वर्षांचे शिक्के असतील, तर नावाजलेल्या कंपनीच्या नावापेक्षा मला ते जास्त मोलाचे. ‘वही कुठेतरी होती’ असं उत्तर आलं, तर गाडीची किंमत तुमच्या मनात तिथेच खाली यायला हवी.

आता ती गाडी स्वतः तपासायची कशी, ते सांगते. आत जाऊन सगळे पडदे ओढा आणि दार लावून घ्या. टॉर्च भिंतीवर समोरून मारू नका, भिंतीला गाल लावल्यासारखा आडवा धरा. उजेड भिंतीवरून घसरत गेला की फुगवटे, सुरकुत्या, लाटा अशा उठून दिसतात की समोरून बघताना त्या कशा दिसल्या नाहीत याचं नवल वाटावं. लॅमिनेटवरची लाट म्हणजे मागचा प्लाय सुटलाय. मग खालच्या कोपऱ्यांकडे वळा, विशेषतः मागच्या दोन्ही. तिथले खण रिकामे करायला लावा, आत हात घालून बाहेरच्या भिंतीला अंगठ्याने जोर देऊन दाबा. कडक लागायला हवं. बोट जरा जरी आत गेलं, तर पुढचं बघण्यात वेळ घालवू नका. छतावरच्या खिडकीची चौकट, वरच्या कपाटांचा मागचा कोपरा, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, खिडक्यांचे खालचे कोपरे, दाराच्या उंबऱ्यापाशी पायाखालची जमीन, हे सगळं याच रीतीने बघायचं. जमीन पायाखाली दबत असेल, तर ‘जुन्या गाडीला एवढं चालायचंच’ हे ऐकून घेऊ नका. आणि हो, बंद खणात नाक घाला. ओलीचा वास लपत नाही. आत कुणी सुगंधी फवारा मारून ठेवला असेल, तर तो कशासाठी मारला तेही विचारा.

मॉइश्चर मीटर काही फार महाग नसतो. सुया न टोचणारा घ्या, म्हणजे मालक कुरकुरणार नाही. आधी आतल्या मधल्या पार्टिशनवर लावून बघा. तिथे पाणी पोचण्याचं कारण नसतं, त्यामुळे तो आकडा तुमचा पाया. मग बाहेरच्या भिंतींवर फिरवा. ढोबळमानाने 15 टक्क्यांपर्यंत काळजी नको, 15 ते 20 म्हणजे लक्ष ठेवा, 20 च्या वर कारण शोधा, आणि 30 च्या वर आत लाकूड कुजायला लागलं असं धरून चाला. एकाच ठिकाणच्या आकड्यावर भाळू नका आणि घाबरूनही जाऊ नका, कारण भिंतीमागे धातूची पट्टी असली तरी मीटर उड्या मारतो. कोपऱ्याकडे जाताना आकडा चढत गेला, तर मात्र ती पट्टी नव्हे.

बाहेरून सांध्यांवरचा सीलंट बघा. एकसारखा, एका रंगाचा असेल तर ठीक. एका कोपऱ्यावर अचानक जाड, पांढराशुभ्र, बोटाने फासलेला दिसला, तर तिथे कुणीतरी घाईत गळती बुजवलीय. नवी गाडी असली तरी हे बघायचं. स्वस्त गाड्यांत कारखान्यातूनच सीलंट तुटक येतो, हे मी पुष्कळ वाचकांच्या पत्रांतून वाचत आलेय.

दुसरा मुद्दा वजनाचा. किंमत आणि दर्जा तोलताना तो बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. युरोपात कारच्या साध्या परवान्यावर चालवायच्या गाडीच्या एकूण, सामानासकट वजनाची मर्यादा वर्षानुवर्षं 3,500 किलो राहिलीय, म्हणून छोट्या मोटरहोम बहुतेक त्याच आकड्याला बांधलेल्या असतात. गाडी कितीही छोटी दिसली तरी तिचं पोट तेवढंच. पहिल्या गाडीच्या माहितीपत्रकात रिकामं वजन 2,930 किलो दिलंय असं समजा. कागदावर 570 किलो उरले. छान वाटतं. आता वजाबाकी करू. ऑनिंग, सोलर, जादा बॅटरी, स्क्रीन, ‘विंटर पॅक’ (थंडीसाठीच्या जोडण्या) यांपैकी काहीच त्या आकड्यात धरलेलं नसतं. त्याचे 120 किलो गेले, उरले 450. रिकाम्या वजनात ड्रायव्हरचे 75 किलो धरलेले असतात, पण शेजारी बसणाऱ्या तुमचे नसतात. उरले 375. पाण्याची टाकी 100 लिटरची असली, तरी कंपनीला ‘प्रवासातली पातळी’ म्हणून 20 लिटरच धरायची मुभा असते. टाकी भरली की आणखी 80 किलो, उरले 295. वर रिकाम्या वजनात पाच टक्के इकडेतिकडे चालतं. तो फरक तुमच्या विरुद्ध गेला, तर 147 किलो आणखी गेले. उरले 148. आता तुमच्या दोन इलेक्ट्रिक सायकली, प्रत्येकी साधारण 25 किलो, आणि त्यांचा रॅक 10 किलो. हाती राहिले 88 किलो. त्यात दोघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, खुर्च्या, टेबल, केबल, पाण्याचा पाइप. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तसं ते शेपूट काट्यावर अडकतं.

सायकलींचं आणखी एक आहे. रॅक मागच्या चाकांच्याही मागे लटकतो. दोन्ही ॲक्सलमधलं (चाकांच्या आसांमधलं) अंतर 4 मीटर आणि रॅक मागच्या ॲक्सलपासून 2 मीटर मागे असेल, तर त्यावरचे 60 किलो मागच्या ॲक्सलवर 90 किलो होऊन बसतात आणि पुढच्या ॲक्सलवरून 30 किलो उचलतात. डुकाटोला पुढच्या चाकांची ड्राइव्ह असते. पुढचं हलकं झालं की ओल्या गवतावर चाकं जागीच फिरतात. म्हणून एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड झाला, असं होऊ शकतं. आतल्या गॅरेजमध्ये, म्हणजे गाडीच्या मागच्या सामानाच्या कप्प्यात, सायकली मावल्या, तर बाहेरच्या रॅकपेक्षा बरं. दरवाजा तेवढा आहे का, हे टेप लावून मोजा, विक्रेत्याच्या ‘बसतील की’वर जाऊ नका.

यजमानांना आवडणार नाही, पण एक सांगायलाच हवं. महाग गाडीत वजनाचा हा हिशेब अनेकदा आणखी वाईट असतो. दुहेरी जमीन, गरम पाण्याच्या पाइपांवर चालणारं हीटिंग, जाड दारं, भारी फर्निचर, यांचं सगळ्यांचं वजन 3,500 किलोच्या त्याच पोटात मावायचं असतं. तिसऱ्या गाडीत तुम्ही दीडपट पैसे देऊन पन्नास किलो कमी सामान न्याल, अशी शक्यता खरी आहे. तेव्हा तिन्ही विक्रेत्यांना ‘याच गाडीचं, याच जोडण्यांसकट काट्यावरचं वजन किती’ असं लेखी विचारा. ‘या मॉडेलचं’ नको, ‘या गाडीचं’ हवं. जुनी गाडी तर सरळ काट्यावर नेता येते. पूर्ण भरलेल्या टाकीसह आणि दोघं बसून निदान 200 किलो मोकळे राहत नसतील, तर ती गाडी तुमच्या सायकलींसाठी नाही.

थंडीचा विषय तुम्ही एका वाक्यात उरकलाय, पण दीडपट किंमत कुठे वसूल होत असेल तर ती तिथेच. स्वस्त गाड्यांत सांडपाण्याची टाकी गाडीखाली उघडी टांगलेली असते. पारा शून्याखाली गेला की ती गोठते. महाग गाड्यांत टाक्या आणि पाइप दुहेरी जमिनीच्या आत, हीटरच्या उबेत असतात. ट्रुमाच्या बॉयलरला एक झडप असते, तापमान 3 अंशांच्या आसपास उतरलं की ती आपोआप उघडून बॉयलरमधलं पाणी सोडून देते. बॉयलर फुटू नये म्हणून ती असते, पण रात्री हीटर बंद करून झोपलात तर सकाळी टाकी रिकामी आणि गाडीखाली डबकं. तुमची थंडी म्हणजे रात्री 5-6 अंश असेल, तर याची चिंता सोडा आणि त्यासाठी पैसे मोजू नका. बर्फात आठवडे काढायचे असतील, तरच हा खर्च रास्त आहे.

पलंगाबद्दल मी जरा हट्टी आहे. दोघांनी जोडे काढून, शोरूममध्ये लोक बघत असले तरी, पंधरा मिनिटं आडवं व्हायचं. आडव्या पलंगाची लांबी गाडीच्या रुंदीवर अवलंबून असते. डुकाटोची कारखान्यातली व्हॅन बाहेरून 2.05 मीटर रुंद, त्यातून भिंतीची जाडी वजा करा, हाती साधारण 1.85 ते 1.95 मीटर येतात. यजमान उंच असतील तर पाय भिंतीला लागणार, आणि ते कुठल्याही किमतीत सुधारत नाही. भिंतीकडे झोपणारा रात्री उठला तर दुसऱ्याला ओलांडून जाणार, तेही करून बघा. टेबल खाली पाडून रोज रात्री गाद्या जुळवायची मांडणी असेल, तर स्वस्त असली तरी सोडा. नव्याचे नऊ दिवस संपले की त्या गाद्या कुणी लावायच्या यावरून दुसरी खडाजंगी सुरू होते.

फर्निचरच्या दर्जासाठी एवढंच: एक खण दहा वेळा उघडझाप करा, वरच्या कपाटाला खालून हात लावून हलवा, बिजागऱ्या धातूच्या आहेत का बघा, स्क्रू नुसत्या पातळ प्लायमध्ये बसलेत की मागे पट्टी आहे हे कपाटात डोकं घालून पाहा. टेस्ट ड्राइव्हला तुमच्यापैकी एकाने मागच्या बेल्टवाल्या सीटवर बसायचं, रेडिओ बंद, खराब रस्त्यावर. कुठून काय खडखडतंय ते पुढे बसलेल्याला कळत नाही.

ऑफरमधल्या वस्तूंवर फार शब्द खर्च करत नाही. बॅटरीचं उदाहरण पुरे. 100 ॲम्पिअर-अवरची एजीएम (शिसं-आम्ल प्रकारची) बॅटरी जवळपास 30 किलोची असते आणि टिकवायची असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी 12-13 किलोची आणि तिच्यातली बहुतेक सगळी वीज वापरता येते. ‘दोन बॅटऱ्या मोफत’ ही ऑफर एजीएमची असेल, तर विक्रेता तुम्हाला 60 किलो ओझं भेट देतोय. त्याला विचारा, ‘हे सगळं काढून गाडीची किंमत किती?’ उत्तर आलं की ‘मोफत’ची किंमतही कळते.

दुसऱ्या गाडीत खर्चाची तयारी ठेवा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून नाही, वयाने जातात. नक्षी नवीकोरी दिसते, पण आत रबर कडक झालेलं असतं. सहा-सात वर्षांच्या पुढचे असतील तर संपूर्ण संचाची किंमत सौद्यातून वजा करा. टायमिंग बेल्ट कधी बदलला, गॅसच्या नळीवरची तारीख काय, ब्रेक कधी तपासले, हे कागदावर बघा. ‘फारशी चाललेली नाही’ ही मोटरहोमची स्तुती समजू नका. उभ्या गाडीचे ब्रेक गंजतात, बॅटरी मरते, सील सुकतात. एकूण बजेटचा दहावा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला काढूनच किंमत ठरवा. तो गाडीतच घातलात, तर पुढे पंचाईत.

मग घ्यायची कोणती? आधी दुसरी तपासा. शिक्के पूर्ण, कोपरे कोरडे, काट्यावर 200 किलो शिल्लक आणि पलंग मापात, असं जमलं तर तीच घ्या. पहिल्या वर्षांतली सगळ्यात मोठी घसरण तिच्या आधीच्या मालकाने सोसलेली आहे. तुमच्या पैशाला त्याच किमतीत बरी भिंत मिळते. ओल निघाली, तर मात्र किती का स्वस्त करून देईना, पाठ फिरवा. भिंत उघडून सांगाडा बदलण्याचं बिल कुठे थांबेल ते उघडल्याशिवाय वर्कशॉपलाही कळत नाही.

दुसरी गळाली, तर पहिली घ्यावी का? तिचा सांगाडा लाकडाचा नसेल, छत फायबरग्लासचं असेल आणि ऑफरच्या वस्तू काढून किंमत खाली येत असेल, तर हरकत नाही. तसं नसेल, तर घाई करू नका. याच मापात कारखान्यातली पोलादी व्हॅन आतून सजवलेली मिळते, 5.41 किंवा 5.99 मीटरची. तिचं कवच गाडीच्या कंपनीनेच बनवलेलं असल्यामुळे सांधे कमी आणि गळतीची भीतीही कमी. जागा थोडी अरुंद, आणि आतल्या पत्र्यावर दमटपणा धरतो, म्हणून इन्सुलेशन कसं केलंय ते बघावं लागतं. पण दोघांना पुरते. तुमच्या यादीत ती का नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

आणि यजमानांच्या ‘चांगलीच घेऊ’साठीही वाट आहे: तिसऱ्या गाडीचंच तीन-चार वर्षं वापरलेलं मॉडेल शोधा. कर्ज लागणार नाही किंवा थोडं लागेल, हमीची काही वर्षं शिल्लक असतील. पण ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे आधी लेखी विचारा. नवी तिसरी कर्जावर घेतलीत, तर हप्ते आणि घसरण दोन्ही एकदमच सोसाल, आणि पंचेचाळीस आठवडे ती आवारात उभी राहील. शक्य असेल तर निर्णयाआधी याच मांडणीची गाडी आठवडाभर भाड्याने घ्या. पलंग आणि वजन या दोन्ही बाबतींत पत्रव्यवहारापेक्षा तो आठवडा तुम्हाला जास्त सांगेल.

कोणतीही घ्या, बयाणा देण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तपासनीसाकडून ओलीचा अहवाल घ्या. त्याची फी गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असते. ताबा घेताना पाणी भरा, हीटर लावा, फ्रिज लावा. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून पाच मिनिटांत ‘चालतोय’ म्हणून सही करू नका. पहिल्या एक-दोन रात्री विक्रेत्याच्या वर्कशॉपपासून जवळच मुक्काम करा. जे काही गळायचं-अडायचं, ते त्याच्या दारात गळू-अडू दे. आणि जो विक्रेता गाडी काट्यावर न्यायला किंवा तपासनीसाला आत सोडायला नाही म्हणेल, त्याच्याशी किमतीची बोलणी पुढे नेऊ नका.